दोन क्वेरी ‘सारख्या’ आहेत, हे ठरवायचं कसं?

एका ग्रंथालयाच्या अ‍ॅपमध्ये एक साधं काम आहे. २०२४ मध्ये नेलेलं पुस्तक ज्यांनी अजून परत केलेलं नाही, अशा वाचकांची यादी काढायची आणि त्यांना दंडाची नोटीस पाठवायची. प्रोग्रामरने जुनी लांबलचक ओळ जरा नीटनेटकी केली. दोन्ही अटी होत्या त्याच, फक्त एका कंसात होत्या त्या दोन कंसांत गेल्या. वाचायला दोन्ही ओळी सारख्याच. दुसऱ्या दिवशी मात्र ज्यांनी २०२४ चं पुस्तक वेळेवर परत केलं होतं, त्यांनाही नोटीस जाऊ शकते.

हे कसं होतं? आणि मुळात दोन क्वेरी ‘सारख्या’ आहेत असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? समजून घेऊ या.

आधी ओआरएम म्हणजे काय?

अ‍ॅपमधली माहिती डेटाबेसमध्ये तक्त्यांच्या रूपात असते आणि ती मागायची भाषा म्हणजे एसक्यूएल. पण प्रोग्रामर पायथन, रुबी, जावा अशा भाषांत लिहितो. त्या भाषांत सगळा कारभार ‘ऑब्जेक्ट’चा, म्हणजे वस्तूंचा. या दोघांमधला दुभाषा म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यात ओआरएम. पायथनमधल्या जँगोचं स्वतःचं ओआरएम आहे, पायथनमध्येच एसक्यूएलअल्केमी आहे, रुबी ऑन रेल्समध्ये अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड आहे.

ओआरएममध्ये क्वेरी हीसुद्धा एक वस्तूच असते. तिला ग्रंथालयातली मागणीची चिठ्ठी समजा. चिठ्ठी लिहिली म्हणजे पुस्तक हातात आलं असं नाही. ती खिडकीवर दिली की मगच आतून पुस्तकं येतात. जँगोचा ‘क्वेरीसेट’ अगदी असाच वागतो. तुम्ही त्यावर फिल्टर लावा, क्रम ठरवा, आणखी फिल्टर लावा, तोवर डेटाबेसला पत्ताही नसतो. यादी प्रत्यक्ष वाचायला घेतली की तेव्हा कुठे क्वेरी धावते. या स्वभावाला ‘लेझी’ म्हणतात.

चिठ्ठी आणि पुस्तकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

‘सारखं’ या शब्दाचे चार अर्थ

दोन चिठ्ठ्या समोर ठेवून ‘या सारख्या आहेत का?’ असं विचारलं, तर त्यात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात:

१. हा तोच कागद आहे का?
२. कागद वेगळे, पण मजकूर तोच आहे का?
३. मजकूर वेगळा, पण आत्ता या चिठ्ठ्यांवर तीच पुस्तकं येतील का?
४. आजच नव्हे, तर कपाटात कोणतीही पुस्तकं असोत, दोन्ही चिठ्ठ्यांवर नेहमी तीच पुस्तकं येतील का?

खऱ्या अर्थाने ‘समतुल्य’ फक्त चौथ्या प्रश्नाला हो म्हणणाऱ्या क्वेरी. पण दोन बरोबरच्या खुणा टाकून तुलना केली, तर ओआरएम यातल्या भलत्याच प्रश्नाचं उत्तर देऊ शकतं. शिवाय प्रत्येक ओआरएम वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं.

पहिला प्रश्न : तोच कागद आहे का?

जँगोमध्ये अक्षरशः तीच ओळ दोनदा लिहून दोन क्वेरीसेट तयार करा आणि त्यांची दोन बरोबरच्या खुणांनी तुलना करा. उत्तर येतं ‘फॉल्स’, म्हणजे सारख्या नाहीत.

कारण साधं आहे. पायथनमध्ये एखाद्या प्रकारच्या वस्तूंची बरोबरी कशी ठरवायची हे सांगितलेलं नसेल, तर पायथन फक्त ‘ही तीच वस्तू आहे का’ एवढंच बघतं. क्वेरीसेटसाठी जँगोने असा नियम दिलेलाच नाही. त्यामुळे एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने लिहिलेल्या दोन चिठ्ठ्याही पायथनच्या लेखी दोन वेगळे कागद.

यात धोका असा की कुठलीही चूक दाखवली जात नाही. प्रोग्रॅम थांबत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. ‘यादी बदलली असेल तरच ईमेल पाठव’ अशी अट कोणी या तुलनेवर उभी केली, तर यादी ‘बदलली’ असंच दर वेळी ठरेल आणि ईमेल जातच राहील.

दुसरा प्रश्न : मजकूर तोच आहे का?

इथे वेगवेगळ्या ओआरएमनी वेगवेगळ्या वाटा धरल्या आहेत.

*रेल्सची वाट.* अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्डमध्ये दोन ‘रिलेशन’ची तुलना केली, तर दोन्हींपासून तयार होणारं एसक्यूएल अक्षरशः ताडून पाहिलं जातं. तेच असेल तर बरोबर. पण रिलेशनची तुलना साध्या यादीशी केली, तर रेल्स डेटाबेसकडे जाऊन नोंदी आणतं आणि मग त्या यादीशी ताडतं. म्हणजे तुलनेची खूण एकच, पण समोर काय आहे त्यानुसार प्रश्न बदलतो : एकदा मजकुराचा, एकदा पुस्तकांचा.

मजकूर ताडण्याची मर्यादाही उघड आहे. ‘शहर पुणे आणि वय १८ च्या वर’ आणि ‘वय १८ च्या वर आणि शहर पुणे’ यांचा अर्थ एकच. पण अटी वेगळ्या क्रमाने लावल्या की एसक्यूएलचा मजकूर वेगळा, म्हणून उत्तर ‘वेगळ्या’.

*जँगोची वाट.* पूर्ण क्वेरीसेटला नसली, तरी अटी बांधणाऱ्या ‘क्यू’ नावाच्या छोट्या वस्तूंना जँगो २.० पासून बरोबरीचा नियम आहे. एकाच क्यूमध्ये नावानिशी दिलेल्या अटी जँगो आधी नावाच्या क्रमाने लावून घेतं. त्यामुळे (शहर, वय) आणि (वय, शहर) बरोबर ठरतात. पण दोन वेगळे क्यू ‘आणि’ने जोडले, तर डावं-उजवं जसं दिलं तसंच राहतं. मग ‘अ आणि ब’ व ‘ब आणि अ’ या जँगोला वेगळ्या वाटतात. अर्थ एकच, रचना वेगळी.

*एसक्यूएलअल्केमीची वाट.* इथे गंमत अशी की कॉलमपुढे दोन बरोबरच्या खुणा टाकल्या तर तुलना होतच नाही. त्या खुणेतून एसक्यूएलची एक अट तयार होते. ‘वय == १८’ लिहिलं की हातात हो किंवा नाही येत नाही, ‘वय १८ असलेले’ अशी चिठ्ठीवरची ओळ येते. खरीच रचना ताडायची असेल, तर ‘कंपेअर’ नावाची वेगळी पद्धत वापरावी लागते.

मग क्वेरीचं एसक्यूएल काढून तेच ताडावं का? पुष्कळ जण हेच करतात. जँगोमध्ये क्वेरीचं मजकुरात रूपांतर करता येतं. पण त्या मजकुरात मूल्यांना योग्य अवतरणचिन्हं लागलेली नसतात. तो माणसाने डोळ्यांखालून घालण्यासाठी आहे, पुरावा म्हणून नव्हे. शिवाय ज्या क्वेरीतून काहीच मिळणार नाही हे जँगोला आधीच कळतं, उदाहरणार्थ ‘रिकाम्या यादीतले क्रमांक असलेले वाचक’, तिचा मजकूर मागितला तर एसक्यूएलऐवजी अडथळ्याचा संदेश येतो. मजकूर ताडायचाच असेल, तर एसक्यूएल आणि त्यात भरायची मूल्यं वेगवेगळी घेऊन दोन्ही ताडावीत.

मूल्यं वगळली तर काय होईल?

हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण सगळ्यात महागात पडू शकतो तो इथेच.

एसक्यूएलअल्केमीच्या १.४ आवृत्तीत, म्हणजे २०२१ मध्ये, एक मोठी सुधारणा आली. प्रत्येक क्वेरीच्या रचनेवरून एक ‘किल्ली’ तयार होते. तीच रचना पुन्हा आली की एसक्यूएल नव्याने रचायची गरज नाही, आधी रचलेलं वापरायचं. ही किल्ली बनवताना मूल्यं मुद्दाम बाजूला काढली जातात. खातं क्रमांक ७ ची क्वेरी आणि खातं क्रमांक ८ ची क्वेरी यांची रचना एकच, म्हणून किल्लीही एकच. हे अगदी योग्य आहे, कारण इथे साठवलं जातं ते फक्त एसक्यूएल. मूल्यं दर वेळी नव्याने भरली जातात.

पण हीच कल्पना कोणी अर्धवट उचलली आणि क्वेरीचे निकाल अशा मूल्य नसलेल्या किल्लीखाली साठवले तर? सातव्या खात्याचा तपशील आठव्या माणसाच्या स्क्रीनवर. म्हणून ‘या दोन क्वेरी सारख्या आहेत का’ याचं उत्तर ‘कशासाठी’ यावर अवलंबून असतं. एसक्यूएल रचण्यासाठी सारख्या असलेल्या क्वेरी निकालासाठी सारख्या नसतात.

तिसरा प्रश्न : आत्ता तीच पुस्तकं येतील का?

हा सगळ्यात व्यवहारी प्रश्न. दोन्ही क्वेरी चालवा आणि निकाल ताडा. तरी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

*क्रम.* क्वेरीत क्रम सांगितला नसेल, तर डेटाबेस कोणत्याही क्रमाने नोंदी देऊ शकतो. आज जमलं म्हणून उद्या जमेल असं नाही. जँगोच्या चाचणी-साधनांत क्वेरीसेट ताडण्याची खास सोय आहे. ती सुरुवातीलाच क्रमही ताडते. क्रम ठरलेला नसताना एकाहून जास्त नोंदी ताडायला दिल्या, तर ती सरळ तक्रार करते. क्रम नको असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. आणि क्रम न सांगता ‘पहिल्या दहा’ मागणारी क्वेरी? ती दोनदा चालवली तर स्वतःशीसुद्धा बरोबर ठरेल याची हमी नाही.

*नोंदीची बरोबरी.* जँगोमध्ये दोन नोंदी बरोबर कधी? प्रकार एक आणि प्राथमिक क्रमांक एक असेल तर. बाकीचे रकाने बघितलेच जात नाहीत. समजा, दोन्ही क्वेरी प्रत्येक वाचकाचा एकूण दंड मोजून सोबत देतात, पण एक १० रुपये सांगते आणि दुसरी ३०. याद्या ताडल्या तर त्या बरोबर ठरतील, कारण वाचक तेच आहेत. चुकला आहे तो दंड. म्हणून असे आकडे असतील तर वस्तू न ताडता रकान्यांतली मूल्यं काढून ताडावीत.

*वेळ.* क्वेरीसेट एकदा वाचला की त्याचा निकाल तो स्वतःजवळ ठेवतो. तासाभरापूर्वी वाचलेला आणि आत्ता वाचलेला, असे दोन क्वेरीसेट ताडले तर फरक क्वेरीतला आहे की मधल्या तासातला, हे कळणार नाही.

नोंदी फार असतील, तर ताडण्याचं काम डेटाबेसवरच सोपवता येतं. पहिल्यातून दुसरी वजा करा, मग दुसरीतून पहिली वजा करा. दोन्ही वजाबाक्या रिकाम्या आल्या तर संच एकच. जँगोमध्ये यासाठी ‘डिफरन्स’ ही पद्धत १.११ पासून आहे. वजाबाकी एकाच बाजूने करून थांबू नका, नाहीतर दुसरीतल्या जादा नोंदी दिसणारच नाहीत. आणि एक लक्षात ठेवा : या वजाबाकीत त्याच त्या नोंदी एकदाच धरल्या जातात. एखादा वाचक एका यादीत एकदा आणि दुसरीत तीनदा असेल, तर तो फरक इथे सापडणार नाही.

नोटिशीचं नेमकं काय बिनसलं?

आता सुरुवातीच्या गोष्टीकडे येऊ. सोयीसाठी आज्ञा मराठीत लिहिल्या आहेत.

पहिली : फिल्टर(नोंदीचं वर्ष = २०२४, नोंदीतलं पुस्तक परत = नाही)
दुसरी : फिल्टर(नोंदीचं वर्ष = २०२४).फिल्टर(नोंदीतलं पुस्तक परत = नाही)

नेहाने २०२४ मध्ये एक पुस्तक नेलं, ते अजून तिच्याकडेच आहे. अशोककाकांनी २०२४ मध्ये एक नेलं, वेळेत परत केलं, आणि काल दुसरं नेलं.

जँगोमध्ये पहिली ओळ म्हणते : अशी *एक* नोंद शोधा जिच्यात दोन्ही अटी बसतात. यादीत फक्त नेहा येते.

दुसरी ओळ म्हणते : २०२४ ची *एखादी* नोंद असलेले वाचक घ्या, आणि त्यांतले परत न केलेली *एखादी* नोंद असलेले ठेवा. या दोन नोंदी एकच असल्या पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही. अशोककाका दोन्ही अटींत बसतात, एकदा जुन्या पुस्तकामुळे आणि एकदा कालच्या.

वाचकाचं वय किंवा शहर यांसारख्या त्याच्या स्वतःच्या रकान्यांवर अटी असत्या, तर कंस एक की दोन, काहीच फरक पडला नसता. एका वाचकाच्या अनेक नोंदी असतात, म्हणून इथे पडला. जँगोचा हा जाणूनबुजून ठेवलेला, माहितीपत्रकात लिहिलेला नियम आहे. तो चूक नाही, पण सहज नजरेतून सुटतो.

यालाच लागून आणखी एक गोष्ट. नेहाने २०२४ मध्ये तीन पुस्तकं नेली असती आणि तिन्ही परत केली नसती, तर पहिल्या ओळीत तिचं नाव तीनदा आलं असतं. दुसऱ्या ओळीत तीन गुणिले तीन, म्हणजे नऊदा. ‘डिस्टिंक्ट’ लावलं की नाव एकदाच येतं. ते विसरलं तर नेहाला नऊ नोटिसा.

रिकामा रकाना

दुसरा नेहमीचा घोटाळा ‘नल’चा, म्हणजे न भरलेल्या रकान्याचा. ‘अनामत १०० पेक्षा जास्त असलेले ठेवा’ आणि ‘अनामत १०० किंवा कमी असलेले वगळा’ ही दोन वाक्यं मराठीत एकच वाटतात. पण ज्यांची अनामत लिहिलेलीच नाही, ते कुठे जातील?

एसक्यूएलमध्ये न भरलेल्या रकान्याची तुलना केली तर उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, ‘माहीत नाही’ असतं. त्यामुळे पहिल्या वाक्यात हे वाचक येत नाहीत. जँगोचं ‘एक्सक्लूड’ मात्र वगळताना ‘रकाना भरलेला आहे’ अशी अट स्वतःहून जोडतं, म्हणून दुसऱ्या वाक्यात ते यादीत राहतात. आणि तेच ‘एक्सक्लूड’ कोणी हाताने साध्या एसक्यूएलमध्ये लिहिलं, तर ते पुन्हा गळतात.

चौथा प्रश्न : नेहमीच तीच पुस्तकं येतील का?

मग असं एखादं साधन का नाही, ज्यात कोणत्याही दोन क्वेरी टाकल्या की त्या कायम समतुल्य आहेत की नाहीत हे कळेल?

कारण असं सर्वसाधारण साधन बनूच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. सोव्हिएत गणिती बोरिस ट्राख्तेनब्रोट यांनी १९५० मध्ये तर्कशास्त्रातलं एक प्रमेय सिद्ध केलं. दिलेलं तार्किक विधान एखाद्या मर्यादित आकाराच्या जगात खरं ठरू शकतं का, हे प्रत्येक विधानासाठी ठरवून देणारी यांत्रिक पद्धत असू शकत नाही. डेटाबेस म्हणजे मर्यादित आकाराचं जगच आणि क्वेरी म्हणजे त्याबद्दलचं विधान. एडगर कॉड यांनी तक्त्यांच्या डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडली, त्याच्या वीस वर्षं आधीच तिची ही मर्यादा ठरून गेली होती.

दिलासा एवढाच की सगळ्याच क्वेरी इतक्या अवघड नसतात. ज्यांत ‘किंवा’ नाही, ‘वगळा’ नाही, फक्त बरोबरीच्या अटी ‘आणि’ने जोडलेल्या आहेत, अशा साध्या क्वेरींची समतुल्यता ठरवता येते, हे अशोक चंद्रा आणि फिलिप मर्लिन यांनी १९७७ मध्ये दाखवलं. तेही गृहीत धरतात की एक नोंद निकालात एकदाच येते. एसक्यूएल तर त्याच नोंदी पुन्हा पुन्हा देऊ शकतं, हे नेहाच्या नऊ नोटिशींवरून दिसलंच.

म्हणूनच ओआरएम बनवणारे चौथ्या प्रश्नाच्या वाटेला जात नाहीत. ते पहिल्या किंवा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात आणि चूक झालीच तर ती ‘सारख्या असून वेगळ्या म्हटल्या’ या बाजूला होऊ देतात. ते शहाणपणाचं आहे. त्यात फार तर थोडं काम दोनदा होईल. उलट बाजूची चूक झाली, तर भलत्याच माणसाला नोटीस जाईल.

मग प्रत्यक्षात काय करायचं?

क्वेरी बदलताना नवी आणि जुनी समतुल्य आहेत हे सिद्ध करता येणार नसलं, तरी त्या वेगळ्या आहेत हे दाखवायला एकच उदाहरण पुरतं. ते उदाहरण पकडणारा चाचणी-डेटा तयार ठेवा :

• एकही नोंद नसलेला वाचक
• अटीत बसणाऱ्या अनेक नोंदी असलेला वाचक
• एक अट एका नोंदीत आणि दुसरी अट दुसऱ्या नोंदीत बसणारा वाचक, म्हणजे आपले अशोककाका
• महत्त्वाचा रकाना न भरलेला वाचक
• क्रमवारीत बरोबरीत येणारे दोन वाचक

या सहा जणांवर दोन्ही क्वेरी चालवा. नावं ताडा, किती वेळा आली ते ताडा, क्रम महत्त्वाचा असेल तर तोही ताडा, सोबतचे आकडे ताडा. हजारो नोंदींच्या खऱ्या डेटावर ‘दोन्हीकडे ४,२१२ आले’ असं म्हणून समाधान मानू नका. एकूण आकडा जुळला तरी माणसं वेगळी असू शकतात.

आणि सहकाऱ्याने ‘काही बदललं नाही, फक्त कोड स्वच्छ केला’ असं म्हटलं, तर एकच विचारा : सारखा म्हणजे कोणत्या अर्थाने? कागद, मजकूर, आजची पुस्तकं, की नेहमीचीच?